चिमूटभर मीठ

मेच्या पहिल्या सकाळी
घरातून काही बाहेर द्यायचं नसतं.
ना निखारा, ना राख, ना दूध.
दिलं, तर वर्षभराचं लोणी दुसऱ्याच्या डेऱ्यात जातं
आणि आपल्या हाती उरतो निळसर फेस.
लेट्रिमच्या आमच्या उतारावर
हे शेळ्यांनासुद्धा ठाऊक होतं.

डर्व्हला मॅकगॉवर्नने म्हणूनच आदल्या संध्याकाळी
उंबऱ्यावर पिवळी फुलं पसरली होती.
तिन्ही गाईंच्या शेपटीला लाल दोरा, रोवनची काडी.
गोठ्याच्या दारावर फेब्रुवारीत विणलेला लव्हाळ्याचा क्रूस,
वाळून तपकिरी झालेला, तरी जागचा न हललेला.
गाय व्याली की पहिली धार जमिनीला.
'त्या मंडळींची', एवढंच म्हणायचं.
नाव घ्यायचं नाही.

आणि त्या सकाळी, दव अजून कुणी तुडवलं नव्हतं,
माझी आई तिच्या दाराशी उभी.
हातात झाकणाचा डबा.
मागितलं काहीच नाही, म्हणे.
नुसतं सांगितलं,
पोराच्या पोटात तीन दिवस काही ठरत नाही,
आमची गाय आटली.

डर्व्हलाने आत पाहिलं.
मालाकीने मान हलवली, नाही.
सासूने चुलीकडे बघत छातीवर क्रूस काढला.
याच दारातून कधीकाळी गेलेलं शेरभर दूध
आणि त्यानंतरचं लोणी न आलेलं वर्ष
त्या घरात अजून शिळं झालं नव्हतं.

ती उठली.
डबा गच्च भरला.
मग मिठाच्या भांड्यात दोन बोटं घातली
आणि चिमूट सोडली दुधात.
मीठ पडलं की दुधामागून काही जात नाही.
कुणी शोधली ही पळवाट, देव जाणे.
एखाद्या बाईनेच शोधली असणार.

ते पोर मी.

आता माझ्या एकशेवीस गाईंच्या कानांत पिवळे बिल्ले.
टँकर एक दिवसाआड येतो,
मे असो की मार्च, सगळं दूध फाटकाबाहेर जातं.
डर्व्हलाला जाऊन बावीस वर्षं झाली.
त्या वर्षी तिचं लोणी कसं आलं,
मी कधी विचारलं नाही. भीती वाटायची.

टाकीत मीठ टाकता येत नाही, नमुना तपासतात.
म्हणून मेच्या पहिल्या फेरीला
मी एक कप काढून ठेवतो,
त्यात चिमूट टाकतो,
आणि टँकरवाला नळी गुंडाळत असताना
भिंतीआड उभा राहून पितो.
तोंड वाकडं होतं.
तरी टँकर वळणापलीकडे जाईपर्यंत
कप खाली ठेवत नाही.