कागद जोडून

मागच्या खोलीत चार माग होते आमचे.
आता एकच, तोही टॉवेलचा,
आणि त्याच्या धडधडीनं माझं टेबल हलतं.
म्हणून कुत्र्यांच्या मिशा मी लाइट गेल्यावर काढते.
मे महिन्यात साखर पेठेत लाइट पुष्कळ जाते.

तळहाताखाली टीपकागद, नाहीतर घाम उतरतो
थेट लॅब्रॅडॉरच्या कपाळावर.
पंखा नको, कागद उडतो.
कूलर नको, कागद फुगतो.
गिऱ्हाईक म्हणतं, बसून तर काम आहे तुमचं.

अर्धा ताव पंधराशे, पूर्ण ताव अडीच हजार.
बहुतेक फोटो गेलेल्यांचे:
होटगी रोडच्या डॉक्टरीणबाईंची मांजर,
सात रस्त्याच्या वकिलांचा राघू,
पिंजऱ्याच्या तारांसकट.
(तारा काढू की नको? विचारलं.
वकील बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, असू द्या.)
फोन पुढे करतात, दोन बोटांनी डोळा मोठा करतात,
फार मोठा केला की त्याचे चौकोन होतात
आणि मला नान्ना दिसतात, ग्राफवर वाकलेले.

नान्नांनी जन्म चौकोनांत काढला.
चादरीवरचा वाघ: लाल पेन्सिल,
डोळा सहा घरं आडवा, चार घरं उभा.
मग पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं;
भोक असेल तिथंच धागा वर येणार.
तो वाघ किती जणांनी पांघरला असेल,
पायाशी मुडपला, गच्चीवर वाळत घातला,
कुणाचं तान्हं मुतलं असेल त्याच्या शेपटीवर.
सही कुठंच नाही.
मी करते, कोपऱ्यात, एचबीनं, बारीक.
त्याचं त्यांना हसू येतं.

पण डोळ्यातला पांढरा ठिपका मी त्यांच्याकडूनच शिकले.
तो काढायचा नसतो.
सगळा डोळा सिक्स-बीनं काळा करत यायचं
आणि तेवढ्या जागेशी थांबायचं,
झोपलेल्या माणसाला ओलांडू नये तसं.

परवा निंगव्वा आली, गवळी वस्तीवरची.
नातवाच्या मोबाइलमध्ये म्हैस. तुळजी.
"गुडघे गेले माझे. इंडीच्या माणसाला दिली.
चांगला हाय माणूस," ती दोनदा म्हणाली.
मी मोजमाप घेतलं. चेहरा बसत होता,
शिंगं बसत नव्हती.
ती शिंगं मागं जातात, खांद्यापर्यंत, मग बाहेर,
जणू जाता जाता काही सांगायचं राहिलंय.
मी ती कडेशी तोडली. असंच करतात सगळे.

चौथ्या दिवशी बघायला आली. घाम पुसला.
"शिंगं का कापलालीस गं पोरी?
कागद संपला तर जोड की."

जोडला. उजवीकडे एक, डावीकडे एक,
खळ नान्नांनी शिजवून दिली, ताण्याला लावायचे तशी.
सांध्यावरून पेन्सिल जाताना किंचित अडखळते,
ठेच लागल्यासारखी;
मी ती ठेच तशीच ठेवली.
शिंगाची वळी न् वळी,
टोकाशी उभ्या जन्माचा घासलेला गुळगुळीतपणा,
तिथं टू-एच, अगदी हलका हात.

आली. चप्पल काढून उभी राहिली.
डोळ्याकडे पाहिलं. शिंगावरून बोट फिरवलं,
कागदाला न टेकवता.
मी श्वास धरून.
म्हणाली, "आन् कास?"
मी सांगितलं, मावशी, हे फक्त तोंड असतंय,
पोर्ट्रेट म्हणतात ह्याला.
"तोंडानं दूध देती व्हय म्हस?"

आत माग चालू होता. नान्ना खोकले,
ते खोकणं नव्हतं, मला ठाऊक आहे.

पैशांचं काही ठरलं नाही.
ती गेली तेव्हा ऊन उतरत होतं,
खळीचं भांडं अजून कोमट होतं.
मी टेबल भिंतीपासून ओढलं
आणि मानेच्या खाली
चौथा ताव लावला.