कलम चौथे

निवतीच्या मराठी शाळेत, तिसरीच्या वर्गात,
मी संमतीपत्र मालवणीत सांगत होते.
कलम चौथे जिभेवर येईना.
‘सहभागी व्यक्ती कोणत्याही क्षणी
कारण न देता माघार घेऊ शकेल.’
माघार हा शब्द इथे
भजनात नाही, भांडणात नाही,
रापण ओढताना तर नाहीच नाही.
शेवटी म्हटले : नको वाटला तर उठान जावा,
कोण काय इचारूचो नाय.
द्वारका मेतर हसल्या.
बर्फाची गाडी साडेदहाला येणार होती,
तोवर उठून जायचे तरी कुठे?

त्यांनी अंगठा दिला.
मला सातेरीच्या देवळापुढचा बोकड आठवला.
अंगावर पाणी ओततात, मग सगळे गप्प.
तो अंग झाडतो. ढोल सुरू होतो.
झाडले म्हणजे कबूल झाला.
कॉलेजात आम्ही उंदरांवर
पाणीसुद्धा ओतले नव्हते.
पिंजऱ्याची जाळी, विजेचा हलका झटका,
आणि वहीत माझे सुबक अक्षर :
‘प्रतिसाद समाधानकारक.’

कागदावर लिहिले होते : कानांची तपासणी.
दुसरा एक कागद होता, फक्त आमच्यासाठी,
नैतिकता समितीचा शिक्का असलेला.
त्यात एक शब्द होता : तात्पुरती फसवणूक.
तात्पुरती.
सरांनी तो मला दोनदा समजावला,
शिकवताना समजावतात तसा, मायेने.

घंटा. कावळा. एसटीचा हॉर्न.
कढईत पडलेली फोडणी.
द्वारकाकाकी प्रत्येक आवाजाला मान हलवत होत्या,
बोटाला चिमटा, पडद्यावर नाडी : बहात्तर, चौऱ्याहत्तर.
अकरावा आवाज भोंग्याचा.
‘सातेरी प्रसाद’चा.
तीन वर्षांपूर्वी वाऱ्यात गेलेली होडी,
तिच्यावर त्यांचा झील अनंत, आणि आणखी चौघे.

हे लिहायलाच हवे :
तो भोंगा मी शोधला होता.
नव्या होडीच्या पूजेचा व्हिडिओ,
एका पोराच्या जुन्या फोनमध्ये.
नारळ फुटतो, कुणी तरी ओरडतो,
मग अनंत भोंगा वाजवतो, गंमत म्हणून, लांबलचक.
मी आजूबाजूचे हसणे कापून टाकले.
फक्त भोंगा ठेवला.
सर म्हणाले, उत्तम काम.

एकशे एकतीस.
बाकाखाली पेडवो झोपला होता,
अनंताचा कुत्रा, नमुन्यात नसलेला.
तो उठला, दारावर आपटला,
आणि जेटीकडे असा सुटला
की बाहेर वाळत घातलेला सुकट उधळला.

द्वारकाकाकी उठल्या नाहीत.
कलम चौथे तिथेच होते, टेबलावर, पेपरवेटखाली.
त्या म्हणाल्या, ‘परत लाव. आयकूचा हा.’
सरांनी मान हलवली :
प्रत्येकीला एकदाच, नाहीतर आकडे बिघडतात.

मग मी खुलाशाचा कागद वाचला.
खरा उद्देश, क्षमस्व, समुपदेशकाचा फोन नंबर
(निवतीत तेव्हा रेंज फक्त चर्चच्या पायरीवर).
त्यांनी सगळे ऐकून घेतले.
‘तुका म्हायत होता?’
होय.
या होयला कुठल्याच तक्त्यात रकाना नव्हता.

तीनशे रुपये त्यांनी मोजून कनवटीला लावले.
पाटी डोक्यावर घेतली, दारात थांबल्या.
‘माका सांगलंस ता बरा झाला.
पेडव्याक कोण सांगतलो?’

बर्फाची गाडी येऊन गेली होती.
मी जेटीवर गेले तेव्हा
तो अगदी टोकाला बसला होता,
कान ताठ, तोंड पाण्याकडे.
माझ्या हातात कागद होता.
त्याने हुंगला, बाजूला सरकला,
मला बसायला जागा केली.

शोधनिबंधात द्वारकाकाकी सतरा क्रमांकावर आहेत.
ध्वनिफीत अभ्यासानंतर नष्ट करायची होती.
ती अजून माझ्याकडे आहे.
शिमग्याला गावी गेले की त्या विचारतात,
‘हा मगे?’
मी म्हणते, हा.
लाव म्हणत नाहीत.