छप्पर मिठासाठी होतं

पुलाला छप्पर होतं, ते माणसांसाठी नव्हे.
"मीठ भिजलं त गेलं, मानूस भिजला त सुकंल,"
मिठागराचा शिलोत्री म्हणाला म्हणे,
आणि घणसोलीच्या मागच्या खाजणावर
पास्कू होडीवाल्याला बोलावणं गेलं.

पास्कूने पूल कधी बांधला नव्हता.
"मना होरीच येतं," म्हणाला.
मग त्याने सागाच्या फळ्या वाकवल्या,
फटीत काथ्या कोंबला, वर डांबर,
सत्तर पावलांची होडी केली
आणि चिखलात रोवलेल्या खांबांवर पालथी घातली,
नाळ गावाकडे.
खालून भरती जायची, आतून बाया,
डोक्यावर पाट्या, तळव्यांना भेगा,
भेगांत मीठ.

मुकादम शेवटच्या खांबाशी बसायचा.
पाटीमागे एक खाच, उभी, कोयत्याने.
कागदावर त्याचा विश्वास नव्हता.
कागदाला दमट हवेत बुरशी धरते.

माझी आजी बामी
तिसऱ्या फेरीला अर्ध्या पुलात खाली बसली.
पाटी नीट उतरवून ठेवली, मग बाळंत झाली.
मुकादम म्हणाला, ही पाटी पोचली नाही, खाच नाही.
सातव्या दिवशी ती आली, मूल काखेला,
त्याच्या हातचा कोयता घेतला
आणि स्वतःच खाच पाडली.
आडवी.

मुलाचं नाव शाळेत दयाळ.
गावात छपऱ्या.

पुढे भराव आला. डंपर, लाल माती, सेक्टरचे दगड.
खाडी मागे सरली, पूल होता तिथेच राहिला,
एका कोरड्या जागेवरून दुसऱ्या कोरड्या जागेवर जाणारा.
पोरं आत पत्ते खेळायची.
भूसंपादनाच्या यादीत एक ओळ :
लाकडी पूल, छपरासह, वारस नाही.

लिलावात लाकूड ढिगाने गेलं.
बापाने डोळे मिटून खांब चाचपले,
उभ्या खाचा, उभ्या, उभ्या,
दुपार कलली तेव्हा बोट अडलं.
बावीस रुपये.

आता तो खांब चौथ्या मजल्यावर, आमच्या गॅलरीत,
त्याला कपड्यांची दोरी.
दमट दिवसांत त्याच्या अंगावर पांढरं फुटतं.
आई फडक्याने पुसते, दुसऱ्या दिवशी पुन्हा.
बाप म्हणतो, राहू दे.
अजून एक पाटी पोचायची आहे.
आई म्हणते, शर्ट खराब होतात.