कंसात हशा

भाषण सात पानांचं.
मीच झेरॉक्स काढलं, दुकानात, गिऱ्हाईक नसताना,
आणि चौदा रुपये स्वतःच्या नावावर मांडले.
मूळ पुस्तक मॅडमचं, जुन्या बाजारात मिळालेलं,
कुणीतरी हिरव्या शाईने रेघा ओढलेलं.
काचेखालून हिरवं काळंच येतं.

रात्रकॉलेज, तिसरा मजला.
गायधनी मॅडम फळ्यावर लिहितात
पुनरुक्ती, उपरोध, यादी.
खाली स्टँडवर रिक्षावाले भांडतायत.
मॅडम म्हणतात, बघा, वक्ता चिडलेला नाही.
चिडला असता तर लोक उठून गेले असते.
तो फक्त कागद वाचून दाखवतोय.

लिलावाचा कागद.
एक खेचर, उजवा डोळा अधू.
एक भिंतीवरचं घड्याळ.
एक मुलगा, वय अकरा, दात शाबूत.
खोगिरं दोन.
मग तो कागदाची घडी घालत असावा,
कारण पुढची ओळ जराशी उशिरा येते:
तो मुलगा मी. सभ्य गृहस्थहो,
घड्याळाला माझ्याहून दोन डॉलर जास्त आले.
रास्तच आहे. त्याला जेवू घालावं लागत नाही,
आणि ते कितीही धावलं तरी भिंत सोडत नाही.

इथे छापलंय, कंसात, हशा.

मी हात वर केला. कोण हसलं?
मॅडम म्हणाल्या, श्रोते.
हो, पण कोण?
बेल झाली.

गृहपाठ, शेवटचा परिच्छेद मराठीत.
त्याच्याकडे एकच शब्द, माझ्याकडे दोन.
आम्ही म्हटलं की दार लागतं.
आपण म्हटलं की समोरच्यालाही आत घ्यावं लागतं,
चपलांसकट.
पेन्सिलीने आपण लिहिलं. खोडलं. आम्ही लिहिलं. खोडलं.
तिथे कागद इतका विरला
की पलीकडच्या पानावरचं गणित दिसायला लागलं.

मंगळवारी भिलारे मुकादम आला, दोन प्रती हव्यात म्हणून.
खराटे चाळीस.
ढकलगाड्या सहा.
घमेली अकरा, पैकी तीन फुटकी.
बायका बावीस.
झाकण उचललेलंच राहिलं, उजेड तोंडावर आला.
बाविसांत एक आई,
विश्रांतवाडी, सकाळची पाळी.
मुकादम सुट्टे शोधत होता.

वहीत लिहिलं, हे तेच आहे.
मॅडमचा लाल पेन: तेच नाही. तुलना जपून.
बरोबर आहे त्यांचं.
आईला कुणी विकलं नाही.
पगार होतो, तीन महिन्यांनी का होईना.
रविवारी ती पाय पसरून टीव्ही बघते
आणि मुकादमाची नक्कल करते, चालण्यासकट.
मी तेच खोडलं.
यादी ठेवली.

रात्री वाचून दाखवलं तिला,
ती टाचांच्या भेगांत आमसुलाचं तेल भरत होती.
खेचर. घड्याळ. मुलगा.
दोन डॉलरपाशी तिने मान वर केली,
भिंतीपाशी हसली.
पदर न लावता, खोकला लागेपर्यंत.
परत वाच, म्हणाली.
परत वाचलं, परत हसली.
मग बराच वेळ वाटी हातात धरून बसली.
पळाला ना पण तो?
पळाला. म्हणून तर भाषण आहे.
मग बरं, म्हणाली, आणि दुसरी टाच पुढे घेतली.

परीक्षेत आलं, प्रश्न तिसरा, गुण आठ.
उपरोधाचा श्रोत्यांवरील परिणाम स्पष्ट करा.
मी लिहिलं, त्या सभागृहात
मागे, दारापाशी, उभ्याने ऐकणारेही असतील.
पुढच्या खुर्च्या हसल्या ते वक्त्याच्या हुशारीला.
दारापाशी हसले ते
ओळख पटल्यावर माणूस हसतो तसे.
छापणाऱ्याने दोन्ही एकाच कंसात भरले.
पुरवणी मागितली, दोरा बांधला.

आठपैकी पाच.
समासात लाल अक्षरात:
छान. पण आधार काय?