खरं

होनगेकर सरांनी गोष्ट वाचली
खानापूर स्टँडमागच्या खोलीत,
चष्मा कपाळावर चढवून. म्हणाले,
"चांगलं लिहिलीस, खरं…"

आमच्याकडं 'पण'ला 'खरं' म्हणतात.
मी पुढच्या शब्दाची वाट बघत बसले.
त्यांनी चहा बशीत ओतला.

"भावाच्या मरणावर अकरा वेळा लिहिलो मी.
अकराही वेळा त्याच्या उशाशी बसलोय.
खरं, त्या रात्री मी निपाणीत, वखारीत,
पट्टीचे पैसे मोजत होतो."

स्टँडवर बसची पाटी कन्नडमध्ये.
एकेक अक्षर लावत वाचली.
आई गेली तेव्हाही
इथंच उभी होते, अशीच पाटी लावत;
तेवढ्यात नंदगडची गाडी सुटली होती.

वही मांडीवर उघडली.
'मी हंबरडा फोडला' यावर काट मारली.
खाली 'खरं' एवढंच लिहून झालं
आणि बस आली.