कायम

वाक्य एवढंच होतं:
'घटक संपले की इटरेटर कायम रिकामा हात दाखवतो.'
अकरा वर्षं कुणी त्याला हटकलं नव्हतं.
माझ्याही डोळ्यांखालून ते शंभरदा गेलं असेल,
जिन्यातल्या शेजाऱ्यासारखं,
नुसती मान हलवून.

मग नोव्हेंबरात, ओउलूसमोरच्या बेटावर,
दुपारी तीनलाच अंधार पडलेला,
मी सहा ओळींचा कोड लिहिला.
पुढचा? म्हटलं. एक, म्हणाला.
पुढचा? काही नाही.
शहाणा माणूस इथे विचारायचं थांबतो.
पुढचा?
दोन.

म्हणजे वाक्य अगदीच खोटं नव्हतं,
त्याने फक्त दुसऱ्याच्या वतीने
शब्द देऊन टाकला होता.

मी 'कायम' खोडलं.
त्या जागी काय ठेवावं यात दोन दिवस गेले.
'बहुधा' फार गुळमुळीत.
'कधीकधी' म्हणजे हवामानखातं.
तपासणी दुल्सेकडे. ती ब्रागाहून म्हणाली,
'नवशिक्यांना धडकी भरेल गं,
शेवट तरी शेवटासारखा राहू दे.'
तिचंही काही चूक नव्हतं.

शुक्रवारी दूध, काड्यापेट्या, मांजराचं औषध घेऊन
परतीच्या शेवटच्या फेरीबोटीला आले.
धक्क्यावर एन्सिओ. टोपी कानांवर ओढलेली.
एकेक गाडी हाताने बोलावून आत घेत होता:
व्होल्वो, लाकडांचा ट्रेलर, शाळेची रिकामी बस.
मग रस्ता मोकळा.
'संपल्या?' मी विचारलं.
'आत्ता कुणी नाही,' तो म्हणाला,
आणि साखळी हातातच ठेवली.
इंजिन घरघरत राहिलं.
चार मिनिटांनी झाडांमागून एक दिवा हलत आला,
मोपेड, त्यावर कुणाची तरी मुलगी, नाक लाल.
ती आत शिरल्यावर एन्सिओने घड्याळ पाहिलं,
साखळी अडकवली, कडी दाबून बघितली.
'आता संपल्या.'

रात्री लिहिलं:
'रिकाम्या हातानंतर, पुन्हा विचारलंत
तर काय मिळेल याची हमी नाही.
खात्रीचा शेवट हवा असेल
तर तो स्वतः बांधून घ्यावा लागतो;
त्याची सोय खाली दिली आहे.'

सकाळी दुल्सेचं उत्तर आलं होतं.
धडकीबद्दल चकार शब्द नाही.
'"हातानंतर"पुढचा स्वल्पविराम
तेवढा काढ.'

काढला.