ठोकळा

रॅनफर्लीच्या पुढे, जिथे डांबर संपतं,
एका मेंढपाळाने मला फाटक दाखवलं.
"ही घे तुझी गाडी," म्हणाला.
बिजागरीच्या जागी ऑस्टिन सेव्हनचा पुढचा आस,
अठ्ठेचाळीस सालापासून उघडतोय, मिटतोय,
मेंढ्या त्याच्या अंगाला लोकर घासून जातात
म्हणून गंज नाही.
वहीत लिहिलं: पहिली गाडी. आस. खात्रीचा.

केस्टर रिंटूल पुढे युरोपात जिंकला,
पोस्टाच्या तिकिटावर आला,
टिमारूत त्याच्या नावाने एक वळण आहे आणि एक बेकरी.
त्याआधीच्या तीन गाड्या मात्र
त्याने एक विकली, एक मोडली,
एक पत्त्यांत हरला,
आणि बेचाळीस वर्षं ब्रेक बसवून घरी बसलेला मी
त्यांच्या मागावर आहे,
बायको म्हणते तसा, हरवलेल्या कोकरामागे
लागल्यासारखा.

दुसरीचं इंजिन वायमाटेला
ओढ्याचं पाणी टाकीत चढवत होतं.
"बंद करायला सांगू नकोस," रावीरी टीपा म्हणाला,
"एकदा थांबलं की आठवडाभर रुसतं."
चालत्या इंजिनावर बॅटरी धरून वाकलो,
मनगटाला चटका बसला,
तीन आकडे वाचता आले.
चौथा एक असेल, नाहीतर सात.
अजून ठरवलेलं नाही.

तिसरी क्राइस्टचर्चला, दंतवैद्याकडे,
काचेच्या खोलीत, लालभडक.
चॅसीवरचा नंबर बरोबर,
फक्त ठशांच्या कडा कोवळ्या,
बोटाला टोचणाऱ्या.
साठ वर्षांचा आकडा असा टोचत नाही.
मी काही बोललो नाही.
त्याने चहा फार चांगला केला होता
आणि गाडीशी बोलताना आवाज खाली आणत होता.

मग ओमारूला, बहिणीकडे.
एफी रिंटूल, वय एक्याण्णव,
बाहेर वायव्येचा वारा कुंपणाची झाडं
मुळापासून हलवत होता.
मी वही उघडली, आस, आकडे, दंतवैद्य,
सगळं वाचून दाखवलं.
तिने बिस्किटाचा डबा पुढे केला
आणि दाराखाली बोट दाखवलं.

दाराला अडण म्हणून लाकडाची पाचर,
एका बाजूला हाताच्या बोटाएवढी,
दुसरीकडे कागदाएवढी.

"त्याचे पाय क्लचला पोचायचे नाहीत.
चौदाचा होता, पण बुटका.
मी विटेएवढा ठोकळा
माझ्या बुटाच्या वाद्यांनी पेडलला बांधून द्यायचे.
तो वाढला की तासायचे.
दर वाढदिवसाला थोडा,
आईच्या भाजीच्या सुरीने,
म्हणून तिरका झालाय. मला सरळ कधी तासता आलं नाही.
गाडी पहिली की दुसरी, ते नाही आठवत.
ठोकळा सगळ्यांत हाच."

मी खाली बसून तो उचलला.
वाद्यांच्या दोन खाचा, आत काळं तेल,
आणि कडेला कुणीतरी पेन्सिलीने
ओढलेली रेघ, जिथवर पुढच्या वर्षी
तासायचा होता.
"ही रेघ राहिली," मी म्हणालो.
"त्या वर्षी तो बोटीवर चढला," ती म्हणाली.

तेवढ्यात दार आपटलं.
कपबशा हलल्या.
ती माझ्याकडे नुसती बघत राहिली,
म्हातारी शिक्षिका बघते तशी.

मी दार उघडलं,
वाकलो,
ठोकळा होता तिथे
बुटाच्या टाचेने घट्ट बसवला.